पेशीचे दोन ब्रेक आणि वहीतले रिकामे घर

आनुवंशिकतेचा पाठ झाल्यावर आम्ही दहावीच्या मुलांना एक गृहपाठ दिला होता. घरी मोठ्या माणसांना विचारून तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढायचा. कोणाचे डोळे घारे, कोणाचे केस कुरळे, कोणाला मधुमेह, कोणाला दमा, हे ज्याच्या त्याच्या नावापुढे लिहायचे. वह्या आल्या. मधुमेह आणि रक्तदाब भरपूर होते. घारे डोळेही निघाले. कर्करोग मात्र एकाही वहीत नव्हता. एका मुलीने आजीच्या बहिणीच्या नावापुढे नुसतेच 'दुखणे' असे लिहिले होते. कसले दुखणे, असे विचारल्यावर ती हळूच म्हणाली, "आजी म्हणते त्याचे नाव घरात काढायचे नाही. उद्या तुझ्या लग्नाला अडचण येईल."

त्या आजींना आम्ही नावे ठेवणार नाही. त्यांनी जे पाहिले त्यावरून त्यांनी आपल्या परीने नातीचे भलेच पाहिले. परंतु कर्करोगात आईबापांकडून मुलांकडे नेमके काय येते आणि काय येत नाही, हे गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत शास्त्रज्ञांनी बरेचसे उलगडले आहे. ते समजले तर त्या वहीतले रिकामे घर भरायला भीती वाटणार नाही, असे आम्हांला वाटते. म्हणून हा पाठ मुलांइतकाच पालकांसाठीही आहे.

सुरुवात आपल्याच एका बाईंपासून करू. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या कमल समर्थ, यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील जीवशास्त्राचे प्राध्यापक. हुजूरपागेत शाळा, फर्ग्युसनमध्ये कॉलेज. पुढे शेतकी कॉलेजात त्यांनी एम.एस्सी. केले ते पेशी व गुणसूत्रांच्या अभ्यासात, आणि त्यासाठी निवडलेली झाडे होती सीताफळाच्या कुळातली! सीताफळाच्या गुणसूत्रांपासून निघालेली ही वाट लग्नानंतर मुंबईत टाटा हॉस्पिटलपर्यंत गेली. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परत आल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी तशी प्रयोगशाळा उभी केली.

त्यांच्या कामाचा मोठा भाग उंदरांवर झाला. त्या केंद्राच्या नावाने ओळखला जाणारा उंदरांचा एक वाण आहे. त्यातल्या माद्यांना स्तनांच्या गाठी फार मोठ्या प्रमाणात होतात. एकाच घराण्यातल्या माद्यांना गाठी होतात आणि दुसऱ्या घराण्यात त्या क्वचितच दिसतात, तर घराण्यातून खाली येते ते काय? रक्तातून येणारा दोष, शरीरातले संप्रेरक, की उंदरिणीच्या दुधातून पिलांकडे जाणारा विषाणू? (हा विषाणू उंदरांचा आहे. आईच्या दुधाने मुलाला कर्करोग होतो असा अर्थ कोणी कृपया काढू नये.) या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत हे रणदिवे बाईंनी दाखवले. स्तनांचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचे नाते आपल्या देशात ज्यांनी सुरुवातीलाच ओळखले त्यांत त्यांचे नाव घेतले जाते. १९७३ साली अकरा सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना स्थापन केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २००१ साली त्या गेल्या. नाते ओळखले, पण त्याच्या मुळाशी असलेले जनुक कोणते आणि ते कसे चालते, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते.

त्याचे पहिले स्वच्छ उत्तर एका डॉक्टरने कागद-पेन्सिल घेऊन शोधले, हे ऐकून मुलांना नवल वाटेल. डॉ. आल्फ्रेड नुडसन हे अमेरिकेतले मुलांचे डॉक्टर आणि आनुवंशिकीचे अभ्यासक. लहान मुलांच्या डोळ्यांत, दृष्टिपटलावर होणारा रेटिनोब्लास्टोमा नावाचा कर्करोग असतो. ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलातील अशा ४८ मुलांचे जुने कागद त्यांनी काढले आणि आजार कितव्या महिन्यात दिसला ते मांडून पाहिले. ज्यांच्या दोन्ही डोळ्यांत गाठी होत्या त्या मुलांना तो खूप लवकर झाला होता. ज्यांच्या एकाच डोळ्यात गाठ होती त्यांना उशिरा. आकडेमोड केल्यावर असे दिसले की पहिल्या मुलांत आजार व्हायला एकच अपघात पुरतो, तर दुसऱ्या मुलांत दोन अपघात लागतात. हा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला.

हे दोन अपघात कसले? आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, म्हणून बहुतेक जनुकांच्याही दोन-दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. पेशीला वाढ म्हणणारी जनुके असतात, तशी पुरे, आता थांब म्हणणारीही असतात. या थांबवणाऱ्या जनुकांना अर्बुदरोधक जनुके म्हणतात. अर्बुद म्हणजे गाठ.

सड्यावरून वास्कोत उतरणारी बस डोळ्यांसमोर आणा. तिला पायाचा ब्रेक आहे आणि हाताचाही आहे. एक निकामी झाला तरी ड्रायव्हर दुसऱ्यावर गाडी सावरतो. दोन्ही गेले की मात्र उतारावर तिला अडवणारे कोणी नाही. पेशीचे तसेच आहे. बहुतेक माणसे दोन्ही ब्रेक शाबूत घेऊन जन्मतात. काही मुलांना आईकडून किंवा वडिलांकडून एक ब्रेक बिघडलेलाच मिळतो. अशा मुलाच्या शरीरातल्या सगळ्या पेशी एकाच ब्रेकवर चालतात. त्यामुळे एखाद्या पेशीतला दुसरा ब्रेक जाण्याचा संभव वाढतो आणि तोही लवकर.

इथे जरा थांबा, कारण आजींच्या भीतीचे उत्तर याच ठिकाणी आहे. वारशाने कर्करोग येत नाही. वारशाने येतो तो एक बिघडलेला ब्रेक. तो मिळालेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही, आणि असा ब्रेक असलेल्या आईकडून किंवा बापाकडून प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी असते, म्हणजे नाणेफेकीइतकीच. स्तनांचा कर्करोग झालेल्या शंभर बायकांत असा वारसा साधारण पाच ते दहा जणींतच आढळतो. उरलेल्या बहुतेकींमध्ये दोन्ही ब्रेक आयुष्यात पुढे कधीतरी खराब झालेले असतात.

नुडसन यांच्या अंदाजातले जनुक तेराव्या गुणसूत्रावर होते. ते १९८६ साली हाती लागले. स्तनांच्या कर्करोगातला वारसा सतराव्या गुणसूत्रावर आहे हे मेरी-क्लेअर किंग या बाईंनी १९९० साली दाखवले, तेव्हा अनेक मोठे शास्त्रज्ञ एका जनुकाने असे काही होऊ शकेल हे मानायलाही तयार नव्हते. पुढे १९९४ साली ते जनुक सापडले आणि बीआरसीए-१ या नावाने प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्याचे भावंड बीआरसीए-२ सापडले. पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही जनुके वडिलांकडूनही येतात. आपल्याकडे मुलीच्या बाबतीत चौकशी होते ती आईच्या, मावशीच्या दुखण्याची. वडिलांची आई किंवा आत्या यांचे कोणी विचारत नाही. दोन्ही बाजूंचे विचारायला हवे.

या सगळ्यांत आम्हांला सर्वांत मौजेची वाटते ती पी-५३ ची कथा. हे प्रथिन १९७९ साली सापडले आणि दहा वर्षे लोक त्याला आरोपी समजत होते, म्हणजे हेच गाठी वाढवते असे. पुढे कळले की प्रयोगशाळांत ज्याचा अभ्यास चालला होता ते बिघडलेले पी-५३ होते. १९८९ साली स्पष्ट झाले की धडधाकट पी-५३ हा पहारेकरी आहे. पेशीतल्या डीएनएला इजा झाली की तो तिचे विभाजन थांबवतो, दुरुस्तीला वेळ देतो, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर त्या पेशीला मरायला लावतो. माणसाच्या कर्करोगांपैकी जवळजवळ निम्म्यांत हाच पहारेकरी निकामी झालेला असतो. हत्तीच्या पेशीत या जनुकाच्या वीस जोड्यांएवढ्या प्रती आहेत, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. एवढे अवाढव्य शरीर असूनही हत्तीला कर्करोग कमी का होतो, याचे एक कारण ते असावे.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. आपल्यापैकी अनेकांची मूळ घरे पेडण्यात आणि डिचोलीत. तिथल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांतल्या काहींना धुमटी आठवत असेल. फणसाच्या किंवा केळीच्या पानात तंबाखू गुंडाळून केलेली जाड विडी. कितीतरी बायका ती पेटते टोक तोंडात धरून ओढत. मुंबईच्या दंत-संशोधकांनी गोव्यातल्या ५,४४९ खेडुतांची तोंडे याच सवयीसाठी तपासली आणि तो अभ्यास १९७६ साली छापून आला. कर्करोगाआधी तोंडात दिसणारे चट्टे ते शोधत होते. तंबाखूच्या धुरातले एक द्रव्य पी-५३ जनुकावर नेमके कुठे चिकटते, हे १९९६ साली दिसले. फुप्फुसाच्या कर्करोगात जिथे बिघाड सापडतात, त्याच जागांवर! म्हणजे आईबापांनी दोन्ही ब्रेक उत्तम दिलेले असले तरी आपण ते आपल्या हाताने घासून काढू शकतो. धुमटी गेली, पुड्या आल्या. शाळेच्या मागच्या गडग्यापाशी आम्हांला अधूनमधून रिकाम्या पुड्या सापडतात. त्या कोणाच्या, हे आम्ही या लेखात विचारणार नाही.

ब्रेक न बिघडवताही गाडी पळवता येते, त्याचे उदाहरण रणदिवे बाई जिथे शिकल्या त्याच जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेतले आहे. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी तिथे वाढू लागल्या आणि आजही जगभर वाढत आहेत. तिची परवानगी मात्र कोणी घेतली नव्हती. या पेशींतले पी-५३ जनुक चांगले आहे. पण त्यांत शिरलेला एचपीव्ही नावाचा विषाणू पी-५३ प्रथिन तयार होताच त्याचा नाश घडवून आणतो, आणि डोळ्यांच्या कर्करोगातले ते दुसरे ब्रेकचे प्रथिनही निकामी करतो. या विषाणूविरुद्ध लस आहे आणि ती मुलींना कोवळ्या वयात द्यायची असते. याबद्दल पालकांनी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे.

आणखी एक, धाकट्या भावंडांसाठी. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत बाळाची एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी चमकलेली दिसली, तर तो फोटो घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. कित्येकदा कारण साधे निघते. पण रेटिनोब्लास्टोमा असेल तर वेळेवर कळलेले बहुतेक मूल बरे होते.

राहता राहिल्या त्या वह्या. कोणत्या घरात कोणते दुखणे, ही माहिती शाळेच्या कपाटात राहणे बरे नव्हे, हे आमच्या उशिरा लक्षात आले. विश्वस्तांनीही तेच सुचवले. म्हणून वंशवृक्षाचे पान वेगळे काढून ज्याचे त्याला परत दिले आहे. ते घरी ठेवावे, आणि कधी डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली तर सोबत न्यावे. यापुढे आम्ही मटाराच्या रोपांचे वंशवृक्ष काढू. ती मुलगी दोन दिवसांनी पुन्हा आली होती. आजीने बसवून सगळे सांगितले, आणि 'दुखणे' हा शब्द तिने स्वतःच खोडायला लावला, असे म्हणाली. वही आम्ही उघडून पाहिली नाही.

स्वाध्याय : दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्या मुलांना आजार लवकर का दिसला, हे दोन ब्रेकच्या आधारे चार-पाच वाक्यांत लिहा. नाणे दोनदा उडवून दोन्ही वेळा छाप येण्याची शक्यता काढा, आणि एक नाणे आधीच छाप ठेवून दिले असेल तर ती किती होते तेही काढा. उत्तरे विज्ञानाच्या तासाला आणावीत.