दोन दुकाने, एक दरपत्रक

व्यापारी बंधूंनो, समजा आपले एक दुकान गव्हाणला, दुसरे पनवेलला. दरपत्रक एकच, नकला दोन. महिनाभरात गव्हाणने पॉपलीनचा भाव मीटरला ६० चा ६५ केला, पनवेलने अस्तराचा ४० चा ३८. आता दोन्ही नकलांची एक कशी करावी? नुसत्या शेजारी ठेवल्या तर पॉपलीन ६० खरे की ६५, हे कळणार नाही. त्यासाठी महिन्यापूर्वीची मूळ प्रत हवी. मुळात ६० होते, म्हणजे बदल गव्हाणचा; ६५ धरा. अस्तराचेही तसेच.

संगणकवाले प्रोग्रामच्या शाखा अशाच जोडतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेले ‘गिट’ ही मूळ प्रत स्वतः शोधते. एकाच ओळीत दोघांनी वेगवेगळा बदल केला असेल तर ते थांबते आणि निर्णय माणसावर सोडते. हे आम्हाला पटते. भाव मुनीमाने नव्हे, मालकाने ठरवावा.

मात्र गिट थांबले नाही म्हणजे सगळे ठीक, असे समजू नका. गव्हाणने पत्रकाच्या माथ्यावर ‘मीटर’ खोडून ‘थान’ लिहिले आणि पनवेलने खाली मीटरचाच नवा भाव भरला, तर ओळी वेगळ्या म्हणून दोन्ही बदल बिनतक्रार जोडले जातात, आणि अख्खे थान एका मीटरच्या भावात लागते.