गर्भाशयमुखाचा कर्करोग : एक अनपेक्षित वाट

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. वैद्यकशास्त्रात माझा अधिकार नाही. तरीही हा विषय निवडला, कारण उद्यमबागेत कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायकांच्या तोंडून ‘अंगावरून जातंय, पण दवाखान्यात जायचं तर खाडा पडतो’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. त्या खाड्याची खरी किंमत या रोगाच्या चालीवरून कळते.

गर्भाशयाचा खालचा निमुळता भाग योनिमार्गात उघडतो. त्याला मराठीत गर्भाशयमुख म्हणतात, कन्नडमध्ये गर्भकंठ. मला कन्नड शब्द अधिक बोलका वाटतो. मुख म्हटले की दार डोळ्यांपुढे येते. कंठ म्हटले की वरखाली जोडणारी वाट दिसते.

ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षे टिकून राहिला, तर हा कर्करोग होऊ शकतो. सुमारे ७० टक्के रोगास त्याचे १६ व १८ क्रमांकाचे प्रकार कारणीभूत असतात. रोगाची नेहमीची चाल अशी : पेशी आधी भित्तिकेत खोल शिरतात, मग आजूबाजूच्या ऊतींत, योनिमार्गात आणि ओटीपोटातील लसिका ग्रंथींत पसरतात.

परंतु क्वचित रोग निराळी वाट धरतो. खोल न शिरता तो पृष्ठभागावरूनच वर सरकतो, गर्भाशयाचे आतले अस्तर व्यापतो आणि कधी गर्भनलिकांपर्यंत, बीजांडकोशापर्यंतही जातो. गाठ दिसत नाही. काही वृद्ध स्त्रियांत मुखाची वाट आकसून आत पू साचतो. पुष्कळदा खरा विस्तार शस्त्रक्रियेनंतर, काढलेले गर्भाशय सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच उमगतो.

येथे एक विचित्र गोष्ट आहे. रोगाची पायरी ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत गर्भाशयाच्या वरच्या भागातील विस्तार धरला जात नाही. म्हणजे रोग वर सरकला तरी कागदावर पायरी पहिलीच राहू शकते. आम्हां वाणिज्यवाल्यांना हे नवे नाही : तेरीज जुळली म्हणून प्रत्येक नोंद बरोबर असतेच असे नाही. मात्र घाबरण्याचे कारण नाही. नेहमीच्या, पट्टकी पेशींच्या प्रकारात प्रारंभीच्या अवस्थेत बीजांडकोशाला लागण शंभरांत एकीपेक्षाही कमी स्त्रियांत आढळते.

कोणतीही वाट धरण्याआधी रोग वर्षानुवर्षे मुखाशीच थांबलेला असतो, आणि तेथेच त्याला गाठता येते. याचा पुरावा आपल्या शेजारच्या मुलुखातला आहे. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहभागाने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ खेडूत स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : ज्या गटाला विषाणूची तपासणी एकदाच देऊ केली, त्यात या रोगाने होणारे मृत्यू तपासणी नसलेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ साली देशी लसही बाजारात आणली आहे.

तेव्हा वाचकहो, घरातील तिशी ओलांडलेल्या आई, मावशी, वहिनी यांना तपासणीस घेऊन जा. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त दिसले, तर एक दिवसही थांबू नका. एका खाड्याची मजुरी पुढच्या महिन्यात भरून निघते. गेलेली वर्षे कोणत्याही खात्यात जमा होत नाहीत.