उलाळ आणि धुरजड : ऊसवाहतुकीसाठी ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जोडणीची निवड

दिवाळीच्या सुमारास राज्यातील साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि पुढील चार-पाच महिने ऊसपट्ट्यातील रस्ते रात्रंदिवस जागे राहतात. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरानगर येथे १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले, त्या काळी शेतातून गव्हाणीपर्यंत ऊस नेण्याचे मुख्य साधन बैलगाडी हेच होते. आजही काही भागांत बैलगाड्या उसाच्या फडात दिसतात. तथापि वाहतुकीचा मोठा भार ट्रॅक्टर आणि त्यामागे जोडलेल्या एक किंवा दोन ट्रॉल्यांनी उचलला आहे.

ट्रॅक्टर घेताना शेतकरी अश्वशक्ती पाहतो, डिझेलचा खर्च पाहतो, टायर पाहतो. ट्रॉली घेताना पत्र्याची जाडी आणि हौद्याची लांबी-रुंदी पाहतो. या दोहोंना जोडणाऱ्या भागाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक पाहता, भरलेल्या ट्रॉल्यांचा सारा ओढा एका कडीतून आणि तिच्यात बसविलेल्या एका पिनेतून ट्रॅक्टरकडे जातो. ही पिन तुटली, निसटली किंवा जोडणीच चुकीच्या जागी केलेली असली, तर चालकाच्या हाती काही उरत नाही. म्हणूनच हंगाम सुरू होण्यापूर्वी जोडणीची निवड कशी करावी, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

गाडीवानाचे जुने ज्ञान

या विषयाचे मूळ तत्त्व आपल्या गाडीवानांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. गाडीत मागच्या बाजूस ओझे जास्त झाले म्हणजे जू वर उचलले जाई. अशा गाडीला ‘उलाळ’ म्हणत. ओझे पुढे जास्त झाले की बैलांच्या मानेवर भार पडे. ती गाडी ‘धुरजड’. भरलेली गाडी हलविण्यापूर्वी कसलेला गाडीवान धुरी हाताने उचलून पाही आणि चार मोळ्या पुढे-मागे करी. गाडी किंचित धुरजड असावी, पण उलाळ कधीही नसावी, हा त्याचा दंडक होता.

बैल मान झटकून, पाय रोवून धन्याला चूक दाखवीत असे. ट्रॅक्टर तशी तक्रार करीत नाही. उलाळ ट्रॉलीसुद्धा तो निमूटपणे ओढीत राहतो आणि चूक कळते ती उतारावर किंवा वळणावर. तेव्हा बैलाच्या मानेने पूर्वी जे सांगितले, ते आता मोजमापाने आणि तपासणीने जाणून घ्यावे लागते.

ट्रॉली हेलकावे का खाते?

दोनचाकी ट्रॉली म्हणजे एक तराजूच होय. तिचा आस ही तराजूची उभी काठी, तर पुढची दांडी हा तराजूचा हात. समजा, आसापासून दांडीच्या कडीपर्यंतचे अंतर ३ मीटर आहे आणि ट्रॉलीचे भरलेले वजन ६ टन आहे. या वजनाचा मध्य आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे असेल, तर ट्रॅक्टरच्या हुकावर ६०० किलो भार येईल, म्हणजे एकूण वजनाचा दहावा हिस्सा. तोच मध्य ३० सेंटिमीटर मागे सरकला, तर दांडी तितक्याच जोराने हुक वर उचलू पाहील. एका हाताच्या अंतराने एवढा फरक पडतो.

उलाळ ट्रॉलीचे दोन धोके आहेत. एक म्हणजे ट्रॅक्टरची मागची चाके उचलल्यासारखी हलकी होतात आणि त्यांची जमिनीवरील पकड सुटते. दुसरा धोका हेलकाव्यांचा. खड्डा चुकविताना किंवा समोरच्या वाहनाला वाट देताना ट्रॉलीची शेपूट एकदा बाजूला गेली, की मागचे जड ओझे तिला आणखी बाहेर खेचते. मग ती परत येताना दुसऱ्या बाजूला जाते. वेग जास्त असेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्या हेलकाव्याहून मोठा होतो आणि सारी गाडी सापासारखी वळवळू लागते.

अमेरिकेत मोटारीमागे राहण्याची फिरती घरगाडी ओढून प्रवास करण्याचा प्रघात आहे. तेथेही हाच प्रश्न येतो. घरगाडीच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या हुकावर यावा, असा तेथील सर्वसाधारण नियम आहे. हेलकावे दाबण्यासाठी घर्षणावर चालणारी दांडी आणि हुकावरील भार मोटारीच्या पुढच्या चाकांपर्यंत पोहोचविणारे स्प्रिंगचे दांडे अशी उपकरणेही तेथे वापरतात. परंतु सामान चुकीचे भरले असेल तर कोणतेही उपकरण तो दोष नाहीसा करू शकत नाही. आपल्या ऊसवाहतुकीत अशी उपकरणे प्रचलित नाहीत. त्यामुळे योग्य भरणी, योग्य जोडणी आणि बेताचा वेग हीच आपली साधने आहेत.

धुरजडपणालाही मर्यादा आहे. हुक ट्रॅक्टरच्या मागच्या आसाच्या मागे असल्याने त्यावर भार पडला की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. हुक आसाच्या ६० सेंटिमीटर मागे असेल आणि पुढच्या-मागच्या आसांत २ मीटर अंतर असेल, तर हुकावरील ६०० किलो भाराने पुढच्या चाकांवरील १८० किलो वजन कमी होते. भार १,५०० किलो झाला तर ४५० किलो कमी होते. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाही तर सुकाणू फिरविले तरी ट्रॅक्टर वळत नाही. पुढे वजने लावून हा तोल काही अंशी सांभाळता येतो. पण अमर्याद भरणीवर तो उपाय नव्हे.

चारचाकी ट्रॉलीचा भार तिच्या दोन आसांवर विभागलेला असतो, त्यामुळे हुकावर फारसे वजन येत नाही. मात्र तिच्या पुढच्या आसावरील टर्नटेबल झिजून सैल झाले असेल तर तीही हेलकावते. म्हणून तिची निवड करताना टर्नटेबलचा खेळ प्रथम पाहावा.

जोडणीची उंची

ट्रॅक्टरची जोडणी किती उंचीवर असावी, हा प्रश्न जिवाशी निगडित आहे. ओढ मागच्या आसाच्या पातळीहून वर असेल, तर जोर लावताच ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते आणि एक-दोन सेकंदांत तो मागे उलटू शकतो. ट्रॅक्टरच्या आरंभीच्या काळात नांगर दगडात किंवा मुळात अडकून असे अपघात होत. हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केलेली तीन दांड्यांची जोडणी १९३६ मध्ये फर्ग्युसन-ब्राउन आणि १९३९ मध्ये फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरवर आली. तिच्या वरच्या दांडीमुळे नांगराचा हा धोका पुष्कळ कमी झाला. आजच्या ट्रॅक्टरांवर हीच पद्धत रूढ आहे.

परंतु ही जोडणी अवजारांसाठी आहे. तिच्या वरच्या दांडीच्या जागी ट्रॉली किंवा दोरखंड कधीही जोडू नये. खालच्या दोन दांड्यांत आडवी पट्टी घालून जड ट्रॉली ओढणेही युक्त नाही. त्या दांड्या वर-खाली होतात आणि बाजूलाही हलतात. ट्रॉलीसाठी ट्रॅक्टरच्या सांगाड्याला पक्का बसविलेला, मागच्या आसाच्या पातळीखाली असलेला हुक किंवा ड्रॉबारच वापरावा. ट्रॉली सपाट जमिनीवर उभी असता तिची दांडी जवळपास समपातळीत राहील, अशी हुकाची उंची ठेवावी.

हुकाची क्षमता ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत पाहावी. मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ पासून केंद्र शासनाची कृषी यंत्रसामग्रीची प्रशिक्षण व चाचणी संस्था कार्यरत आहे. तेथील चाचणी अहवालांत ट्रॅक्टरच्या ड्रॉबारवरील ओढशक्तीची नोंद असते. खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडे हा अहवाल मागण्यास संकोच करू नये.

पिन, क्लिप आणि साखळी

पिन ही कडीच्या छिद्रात नेटकी बसणारी असावी. छिद्र मोठे आणि पिन बारीक असेल तर प्रत्येक वेळी गाडी निघताना व थांबताना हातोड्याचा घाव बसल्यासारखा धक्का बसतो आणि पिन व कडी दोन्ही झपाट्याने झिजतात. पिनेच्या जागी सळईचा तुकडा, नटबोल्ट किंवा पहारीचे टोक घालणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. पिन उसळून वर येऊ नये यासाठी तिच्या खालच्या टोकाला क्लिप हवीच. तेथे तारेचा वेढा देऊन भागवू नये. कडीला तडा गेलेला आढळल्यास वरवर वेल्डिंग न करता कडी बदलून घ्यावी.

पिन कितीही भक्कम असली तरी तिला जोड म्हणून स्वतंत्र सुरक्षा-साखळी असावी. दोन साखळ्या दांडीच्या खालून एकमेकींस छेद देऊन बांधल्या, तर पिन निसटल्यावर दांडी जमिनीत रुतत नाही, साखळ्यांच्या झोळीत पडते. साखळी वळण घेण्यापुरती सैल ठेवावी, रस्त्यावर घासू देऊ नये. तिचे टोक ट्रॅक्टरच्या सांगाड्याला अडकवावे, पिनेला नव्हे. ज्या पिनेच्या अपयशासाठी साखळी बांधायची, तिलाच ती अडकविण्यात अर्थ नाही.

दोन ट्रॉल्या असतील तर अधिक भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरलगत आणि हलकी मागे जोडावी. पुढच्या ट्रॉलीचा लहानसा झोलही मागच्या ट्रॉलीपर्यंत पोहोचताना वाढतो. दोहोंमधील कडी, पिन, क्लिप व साखळी यांना पहिल्या जोडणीइतकेच महत्त्व द्यावे.

उतार आणि वेग

वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली जाणारा उतार डोळ्यांना साधाच वाटतो. परंतु अशा उतारावर २० टन भरलेल्या ट्रॉल्या सुमारे १ टन जोराने ट्रॅक्टरला पुढे ढकलू पाहतात. चाकांच्या घर्षणात यातील काही भाग खर्ची पडतो. उरलेला सारा, ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसल्यास, दोन-अडीच टनांच्या ट्रॅक्टरलाच पेलावा लागतो. रस्ता ओला असेल किंवा त्यावर माती सांडलेली असेल तर ट्रॅक्टरची चाके घसरतात आणि ट्रॉली त्याला आडवे ढकलते. म्हणून नवी ट्रॉली घेताना ब्रेक असलेलीच घ्यावी.

उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे घातक आहे. रस्त्यावर निघताना डाव्या व उजव्या ब्रेकचे पेडल पट्टीने जोडून घ्यावेत. वेग २० वरून ३० किलोमीटरवर गेला तर गाडीत साठलेली गतीची ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते. ४० वर ती चौपट होते. हेलकावे सुरू झाल्यास वेग वाढवू नये, सुकाणूला झटके देऊ नयेत. सुकाणू सरळ धरून वेग हळूहळू कमी करावा, आणि मग थांबून भरणी तपासावी.

कायदा आणि माणसे

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरहून स्वतंत्र असते. विम्याच्या कागदातही तिचा उल्लेख आहे की नाही, हे पाहून घ्यावे. मर्यादेपेक्षा अधिक वजन नेल्यास कलम १९४ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनास २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. रात्रीच्या वाहतुकीसाठी मागे तांबडे, बाजूला पिवळे आणि पुढे पांढरे परावर्तक लावावेत. उसाच्या वाढ्यांखाली ते झाकले जाणार नाहीत, याची दक्षता घ्यावी.

दंडाची रक्कम भरून येईल, पण माणूस परत येत नाही. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगार बायकामुलांसह, संसाराची भांडी घेऊन याच ट्रॉल्यांतून फडावर येतात. ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्यामधील दांडीवर बसून जाणारी तरुण मुले सर्वांनी पाहिली आहेत. त्या दांडीवरून तोल गेला तर पडणारा माणूस थेट मागच्या चाकाखाली येतो. तेथे कोणासही बसू न देणे हे चालकाचे, मालकाचे आणि मुकादमाचे सामाईक कर्तव्य आहे.

फडातून गाडी हलविण्यापूर्वी चालकाने पाच मिनिटे द्यावीत. भरणीचा मध्य आसाच्या किंचित पुढे आहे ना, पिन पूर्ण उतरून तिची क्लिप बसली आहे ना, साखळ्या सांगाड्याला अडकविल्या आहेत ना, ब्रेकचे पेडल जोडले आहेत ना, परावर्तक दिसतात ना, एवढे पाहावे. काट्यावर तासन् तास रांगेत उभ्या राहणाऱ्या गाडीला ही पाच मिनिटे जड नाहीत. गाडीवान प्रत्येक खेपेला धुरी उचलून पाहत असे. ट्रॅक्टरचालकानेही हा शिरस्ता सोडू नये.