उंची व चपळाई

बास्केटबॉलच्या खेळांत टोपली जमिनीपासून १० फुटांवर असते. उंच खेळाडूचा हात तिच्याजवळ लवकर पोंचतो, हें कोणासही समजतें. म्हणूनच वर्गांतील सर्वांत उंच मुलास सोबती आधीं संघांत ओढतात. परंतु पुढें पुष्कळदां निराळेंच दृश्य दिसतें. हा मुलगा थोड्याच वेळांत धापा टाकूं लागतो, वळतांना अडखळतो, आणि मग प्रेक्षक त्यास आळशी किंवा बावळट म्हणून मोकळे होतात. हा न्याय बरोबर आहे काय, व त्या मुलानें काय करावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम कारण पाहूं. घनाची बाजू दुप्पट केली तर त्याचें घनफळ आठपट होतें, पण पृष्ठफळ चौपटच होतें, हें तुम्हांस भूमितीवरून ठाऊक आहे. शरीराचें वजन घनफळाच्या प्रमाणांत वाढतें. स्नायूचें बळ मात्र त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणांत वाढतें. ५ फूट ८ इंच व ६ फूट १० इंच उंचीचे दोन गृहस्थ अगदीं एकाच बांध्याचे आहेत अशी कल्पना करा. दुसऱ्याची उंची पहिल्याच्या सुमारें १.२ पट, म्हणून त्याचें बळ सुमारें १.४५ पट, पण वजन सुमारें १.७५ पट भरेल. म्हणजे वजन पावणेदोनपट, आणि तें उचलणारें बळ दीडपटही नाहीं! मोठ्या देहाचीं हाडें प्रमाणाबाहेर जाड कां असावीं लागतात, हें गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत याच गणितानें समजाविलें होतें. शिवाय लांब हातपाय फिरविण्यास वेळ अधिक लागतो, व गुरुत्वमध्य उंच असल्यामुळें तोल संभाळणें कठीण जातें. तेव्हां उंच मुलाचा मंदपणा हा त्याचा दुर्गुण नव्हे. निसर्गानें त्यास घातलेलें तें एक अवघड उदाहरण आहे, आणि तें मेहनतीनें सोडवावें लागतें.

तें कसें सुटतें, हें अमेरिकेंतील जॉर्ज मायकन याच्या चरित्रावरून उत्तम कळतें. याचा जन्म इलिनॉय संस्थानांतील जोलिएट गांवीं १८ जून १९२४ रोजीं झाला. उंची ६ फूट १० इंच, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि चालण्यांत बोजडपणा. शाळेंत असतांना गुडघ्यास जबर दुखापत झाल्यामुळें तो बराच काळ अंथरुणास खिळून होता. पुढें नोत्र दाम विद्यापीठाच्या संघासाठीं त्यानें चांचणी दिली, परंतु तेथें त्यास घेतलें नाहीं. इतका उंच मनुष्य बास्केटबॉलसारख्या चपळ खेळाच्या कामाचा नाहीं, असें त्या काळीं बहुतेक जाणत्यांचें मत होतें.

१९४२ सालीं शिकागो येथील डी पॉल विद्यापीठांत रे मेयर नांवाचा २८ वर्षांचा तरुण बास्केटबॉलचा शिक्षक म्हणून आला. मायकनमध्यें काय नाहीं यापेक्षां काय घडवितां येईल, याकडे त्यानें लक्ष दिलें. सामन्यांहून निराळा वेळ काढून त्यानें त्याच्याकडून नियमित मेहनत करून घेतली. या मेहनतींत दोरीवरच्या उड्या होत्या. त्यांनीं पोटऱ्या बळकट होतात, दमसास वाढतो व पाय जमिनीवरून हलकेच उचलण्याची संवय लागते. मुष्टियोद्धे ठोसे मारण्याचा सराव करितात ती टांगलेली लहान पिशवी होती; तिनें नजर व हात यांचा मेळ बसतो. इतकेंच नव्हे, तर मेयरनें त्यास नृत्याचे धडे घ्यावयास लाविलें! यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. तालावर पाऊल टाकणें, दिशा बदलणें व तोल न जाऊं देणें, हेंच टोपलीखालच्या गर्दींत उंच खेळाडूस करावें लागतें. आणि या सर्वांबरोबर, हात डोक्यावरून कमानीसारखा नेऊन चेंडू टोपलींत टाकण्याचा सराव उजव्या व डाव्या अशा दोन्ही हातांनीं चाले.

फळ काय मिळालें तें पाहा. १९४४, १९४५ व १९४६ या तिन्ही वर्षीं अमेरिकेंतील महाविद्यालयीन खेळाडूंच्या सर्वोत्कृष्ट निवडींत मायकनचें नांव आलें. टोपलीकडे खालीं येणारा चेंडू मायकन व बॉब कर्लंड यांच्यासारखे उंच खेळाडू वरच्यावर अडवूं लागले, तेव्हां १९४४ सालीं त्यास मनाई करणारा नियम करावा लागला. १९४५ सालीं न्यूयॉर्क येथील स्पर्धेंत ऱ्होड आयलंडच्या संघाविरुद्ध डी पॉलनें ९७ विरुद्ध ५३ असा विजय मिळविला. त्यांत एकट्या मायकनचे गुण ५३ होते, म्हणजे प्रतिपक्षाच्या सबंध संघाइतके! १९५० सालीं अमेरिकेंतील वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींनीं शतकाच्या पूर्वार्धांतील सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटु म्हणून त्याचीच निवड केली. २००५ सालीं तो वारला.

आतां कोणी विचारील, ही मेहनत सामन्यांच्या हंगामांतच कां करूं नये? याचें उत्तर शरीरशास्त्र देतें. कष्टानें स्नायूंवर ताण पडतो, परंतु ते बळकट होतात ते पुढच्या विश्रांतींत. हंगामांत सामन्यामागून सामना येतो. तेव्हां कमाविलेलें बळ खर्च होतें, नवें सांठविण्यास अवकाश मिळत नाहीं. हंगामाबाहेर तो मिळतो. नियमित व्यायामानें हृदय एका ठोक्यांत अधिक रक्त पुढें ढकलूं लागतें. उलट कांहीं आठवडे स्वस्थ बसल्यास हा लाभ ओसरूं लागतो. स्नायूंपेक्षां स्नायुबंध सावकाश बळकट होतात, म्हणून मेहनत हळूहळू वाढवावी; वजनदार देहाच्या मुलानें तर हें विशेष पाळावें.

गंमत अशी कीं, या खेळाचा जन्मच हंगामाबाहेरच्या दिवसांत झाला. १८९१ च्या डिसेंबरांत स्प्रिंगफील्ड येथील ख्रिस्ती तरुणसंघाच्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ हे शिक्षक होते. फुटबॉलचा हंगाम संपलेला, बेसबॉलला अवकाश, आणि बाहेर कडाक्याची थंडी. अशा वेळीं विद्यार्थ्यांचीं शरीरें तयार राहावींत म्हणून घरांत खेळतां येईल असा खेळ त्यांनीं शोधून काढिला. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्ज्यास ठोकल्या, व नऊ-नऊ जणांचे दोन पक्ष खेळूं लागले.

आपल्याकडेही उन्हाळ्याची सुट्टी असते. उंच विद्यार्थ्यांनो, सकाळच्या गारव्यांत दोरीवर उड्या मारा. मग टोपलीखालीं उभे राहून उजवीकडून उजव्या हातानें चेंडू टाका. खालीं पडण्यापूर्वीं झेला, एक पाऊल सरका, आणि डावीकडून डाव्या हातानें टाका. हा सराव आजही जगभर मायकनच्या नांवानें शिकविला जातो. पहिल्या आठवड्यांत चेंडू हातून निसटेल, निसटूं द्या.

आणि पालकहो, एका वर्षांत वीतभर वाढलेल्या मुलाच्या हातून घरांतील भांडें पडलें, तर त्यास धांदरट म्हणण्याची घाई करूं नका. त्याच्या हाडांनीं घेतलेली मजल त्याच्या स्नायूंस अद्याप गांठावयाची आहे. त्यास पोटभर अन्न, पुरेशी झोंप व थोडा धीर द्या. उंची आईबापांकडून येते. चपळाई ज्याची त्यानें मिळवावी लागते, आणि ती बहुधा प्रेक्षक नसलेल्या मैदानावरच मिळते.