चालताना पिंढरी भरून येते तेव्हा

चालताना पिंढरी भरून येणे, उभे राहिले की दोन-चार मिनिटांत कळ ओसरणे आणि तेवढेच अंतर गेल्यावर पुन्हा तसेच होणे, हे पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचे ठळक लक्षण आहे. (उभे राहून भागत नाही, बसावे किंवा वाकावे लागते, ते दुखणे बहुधा मणक्याचे.) चाकूर परिसरात दोन्हींना सरसकट ‘वात’ म्हणतात. त्याहून घातक समजूत पुढची: पाय दुखतात, तर चालायचे कशाला? प्रत्यक्षात चालणे हाच यावरचा पहिला उपचार. कळ येईपर्यंत चालावे, थांबावे, ओसरली की पुन्हा निघावे. असे अर्धा ते पाऊण तास, आठवड्यातून किमान ३ दिवस. साधारण १२ आठवड्यांत न थांबता कापले जाणारे अंतर वाढते. अडलेली धमनी त्याने मोकळी होत नाही, पण स्नायू मिळेल त्या रक्तात जास्त काम करायला शिकतात. चालताना छातीत दाटत असेल, तर मात्र आधी तपासणी.

बिडी, तंबाखू किंवा मिश्री चालू ठेवून रक्ताभिसरण सुधारण्याची आशा धरू नये. ‘बिडी सोडली, आता नुसती चिमूटभर तंबाखू’ हा युक्तिवाद नेहमीचा आणि फोल आहे. बरे वाटले म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणे हाही तितकाच जुना हट्ट. रक्तदाब आणि साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासून मिळते. पायाचा रक्तपुरवठा जोखायला घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून ताडून पाहिला, तरी पुष्कळ कळते.

लसूण-लिंबाच्या काढ्याने ‘ब्लॉकेज उघडते’ हा व्हॉट्सअॅपवरचा दावा निराधार आहे. रक्त पातळ करायची गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेतल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो. सलाईनने नसा साफ होत नाहीत. तालुक्यातल्या एका सत्तरीच्या मधुमेही शेतकऱ्याने वर्षभर पायदुखीवर सलाईन आणि दुखणे मारणारी इंजेक्शने घेतली, वर तापल्या विटेचा शेक. पाऊल बधिर, त्यामुळे भाजल्याचे कळलेच नाही. जखम चिघळून अंगठा काढावा लागला. मधुमेहींनी पायाला शेक देऊच नये, शेतात अनवाणी जाऊ नये आणि रोज रात्री तळवे पाहावेत.

वय झाले की थोडी सूज, थोडा थकवा येतोच. प्रत्येक कळ म्हणजे धमनीचा आजार नव्हे. पण दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पाय खाली सोडल्यावरच थांबणारी रात्रीची कळ अंगावर काढू नये. एकाच पायाला अचानक सूज येऊन पिंढरी गरम लागली, तर ती चोळू नये. आत गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पाय एकाएकी गार, पांढरा, बधिर पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर मालिशवाल्याकडे न जाता लगेच १०८ वर फोन करावा. गार पडलेला पाय वाचवायला हाती साधारण ६ तास असतात.