कॉमिक प्रिंट विकायच्यात? मग आधी साईझ ठरवा, प्रिंटर नंतर



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून प्रिंटरचा पूर्ण हिशोब इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी आकडे तुम्हाला तुमचेच टाकायचे आहेत.

विषय साधा आहे. तुम्ही कॉमिक स्टाईल चित्रं काढता आणि त्यांच्या प्रिंट विकायच्या आहेत. इन्स्टाग्रामवर, कॉलेजच्या फेस्टमध्ये, कॉमिक कॉनच्या स्टॉलवर. त्यासाठी परवडणारा मोठा प्रिंटर कोणता घ्यायचा?

मागच्या बॅचमधला एक मुलगा २४ इंची प्रिंटरचं कोटेशन घेऊनच आला होता. हात उत्तम आहे त्याचा. पैशांसाठी आईच्या पाटल्या गहाण ठेवायचं घरात बोलणंही झालं होतं. मी त्याला एकच विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत ए२ साईझच्या किती प्रिंट विकल्यास?" तो म्हणाला, "चार." आणि ए३? "साठ-सत्तर असतील, सर."

आजचा धडा या दोन उत्तरांतच आहे. तुम्हाला जी साईझ छापायची हौस आहे तिच्यासाठी मशीन घेऊ नका, जी साईझ विकली जाते तिच्यासाठी घ्या.

१. साईझ समजून घ्या

- ए३ म्हणजे २९७ × ४२० मिमी.
- ए३ प्लस म्हणजे ३२९ × ४८३ मिमी, आपल्याकडे ज्याला १३ × १९ म्हणतात.
- ए२ म्हणजे ४२० × ५९४ मिमी.
- २४ इंची रोल म्हणजे ६१० मिमी रुंदी. यावर ए१ पर्यंत पोस्टर निघतं.

ग्राहकाच्या बाजूने बघा. ए३ ची फ्रेम सहज मिळते, भाड्याच्या खोलीत भिंतीवर बसते, कॉलेजच्या मुलाच्या खिशाला झेपते. ए२ घ्यायची म्हटलं की तो "भिंत कुठेय?" असा विचार करतो. तुम्हालाही ती पुठ्ठ्याच्या नळीत घालून पाठवावी लागते, कुरिअर वाढतं.

फाईलचं पण बघा. ३०० डीपीआयला ए३ साठी साधारण ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात, ए२ साठी ४९६१ × ७०१६. तुमची जुनी चित्रं तेवढ्या मापाची नसतील, तर मोठं मशीन आणूनही कडा फाटलेल्याच दिसणार. कॉमिकमध्ये काळी आउटलाईन असते, त्यामुळे हा दोष लगेच डोळ्यात येतो.

२. मशीनचे प्रकार

*ए३ प्लस इंक टँक फोटो प्रिंटर.* उदाहरणार्थ एप्सनचा एल१८०५०. सहा रंग, डाय शाई, बाटलीतून भरायची. प्रति प्रिंट खर्च कमी, रंग भडक आणि छान. कमजोरी अशी की डाय शाई पाण्याला आणि उन्हाला पिगमेंटपेक्षा लवकर हार मानते. ग्राहकाला "काचेच्या फ्रेममध्ये लावा, थेट उन्हात नको" असं स्पष्ट सांगायचं.

*ए३ प्लस पिगमेंट फोटो प्रिंटर.* उदाहरणार्थ कॅननचा इमेजप्रोग्राफ प्रो-३००. क्वालिटी गॅलरीच्या दर्जाची, प्रिंट टिकाऊ. पण शाई कार्ट्रिजमध्ये येते, ती महाग पडते. सही केलेल्या मोजक्या प्रिंट चढ्या भावाला विकणार असाल तरच हिशोब बसतो.

*२४ इंची चार रंगी मशीन.* उदाहरणार्थ कॅननचा टीसी-२० किंवा एचपीच्या डिझाईनजेट टी सिरीजमधली छोटी मॉडेल्स. आपण यांना सरसकट प्लॉटर म्हणतो. यांचं मुख्य काम नकाशे, ड्रॉइंग, ऑफिसचे पोस्टर. सपाट रंग आणि लाईन बरी येते, पण त्वचेच्या हलक्या छटांत सहा रंगी फोटो प्रिंटरची मजा नसते. २४ इंचात फोटो दर्जाची मशीन मिळतात, पण मग ते "परवडणारं" राहत नाही.

फ्लेक्सवाल्याचं मशीन हा वेगळाच प्रकार. ते लांबून बघायच्या बॅनरसाठी आहे. हातात घेऊन बघायच्या प्रिंटसाठी नाही.

३. हिशोब

सूत्र एकच: मशीनची किंमत ÷ प्रति प्रिंट बचत = किती प्रिंटनंतर पैसे वसूल.

खालचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत. तुमच्या गावचे रेट टाका.

ए३ प्लस मशीन: किंमत ६४,००० रुपये धरू. बाहेर डिजिटल प्रेसवाल्याकडे चांगल्या कागदावर प्रिंट ७० ला पडते. घरी कागद, शाई आणि वाया जाणारे मिळून ३०. बचत ४०. म्हणजे १,६०० प्रिंट. महिन्याला १५० विकत असाल तर ११ महिन्यांत वसूल. महिन्याला ६० विकत असाल तर २७ महिने.

२४ इंची मशीन: किंमत १,६०,००० धरू. ए२ बाहेर १६०, घरी ८०. बचत ८०. म्हणजे २,००० प्रिंट. महिन्याला दहा ए२ विकल्या तरी २०० महिने. सोळा वर्षांहून जास्त!

कोणी म्हणेल, "सर, २४ इंची रोलवर दोन ए३ शेजारी-शेजारी निघतात की." बरोबर आहे, निघतात. पण मग प्रत्येक प्रिंट कटरवर कापा, रोलचा बाक काढा, आणि रंग चारच. ए३ च विकायची असेल तर ए३ चं मशीन निम्म्याहून कमी पैशात तेच काम नीट करतं.

त्या मुलाने हा हिशोब घरी वडिलांसमोर मांडला. पाटल्या कपाटातच राहिल्या. तो सध्या प्रेसवाल्याकडून ए३ छापून घेतो आणि दर महिन्याचा आकडा वहीत लिहितो.

मशीनच्या ओझ्याची गोष्ट नवी नाही. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत लिथोग्राफीचा छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. चित्रं घराघरांत पोहोचली, देव्हाऱ्यात लागली. तरी छापखाना कर्जात गेला आणि शेवटी जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. चित्राला मागणी असणं आणि छपाईचा धंदा परवडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४. घ्यायचंच ठरलं, तर हे तपासा

१. स्वतःची फाईल पेन ड्राईव्हमध्ये घेऊन डीलरकडे जा. त्यात गडद काळा भाग, बारीक लाईन, आकाशाची फिकट होत जाणारी छटा आणि चेहरा, हे चारही असू द्या. कंपनीचा डेमो फोटो सगळ्यांचाच सुंदर येतो.

२. कागदही तुमचाच न्या. २०० ते २५० जीएसएमचा मॅट कागद तो प्रिंटर न अडकता ओढतो का, ते समोर बघा.

३. वॉरंटीचं कार्ड वाचा. काही टँक प्रिंटरला "अमुक काळ किंवा तमुक प्रिंट, जे आधी होईल ते" अशी अट असते. हेड बदलायला किती लागतात आणि सर्व्हिस तुमच्या जिल्ह्यात आहे का, हे लेखी घ्या.

४. जुनं मशीन घेत असाल तर नोझल चेक प्रिंट काढल्याशिवाय टोकन देऊ नका. एकूण किती पानं छापलीत आणि वेस्ट इंकचा पॅड किती भरलाय, तेही विचारा.

५. इंकजेट बंद ठेवलं की हेड सुकतं. मग क्लीनिंग करा, आणि त्यात शाई वाया. आठवड्यातून एक रंगीत पान काढायचंच. बंद करताना प्रिंटरचं बटण दाबा, थेट बोर्डाचा स्विच नाही. बटणाने बंद केलं की हेड जागेवर जाऊन झाकलं जातं.

६. पावसाळ्यात, खास करून मुंबई-कोकणात, कागद ओल धरतो, वाकतो आणि हेडला घासतो. उघडं पाकीट सिलिका जेल टाकून बंद डब्यात ठेवा.

५. एक कायद्याची गोष्ट

बॅटमॅन, स्पायडरमॅन किंवा कुठल्याही कंपनीचं पात्र तुम्ही स्वतःच्या हाताने काढलं तरी त्या पात्राचा मालक दुसरा असतो. परवानगीशिवाय प्रिंट विकणं हे कॉपीराईट कायदा, १९५७ खाली अंगलट येऊ शकतं. "सगळेच विकतात" हा बचाव चालत नाही. कर्ज काढून घेतलेलं मशीन दुसऱ्याच्या पात्रांवर चालवणं म्हणजे भाड्याच्या जमिनीवर पक्कं घर बांधणं. स्वतःची पात्रं तयार करा. वेळ लागेल, पण कोणी येऊन बंद करणार नाही.

गृहपाठ

- गावातल्या तीन डिजिटल प्रेसवाल्यांकडून ए३ चा रेट काढा: १० प्रिंटचा वेगळा, १०० चा वेगळा.
- तुमची पाच चित्रं निवडा, प्रत्येकी दहा छापून घ्या आणि विका.
- तीन महिने साईझप्रमाणे विक्री लिहा.
- मग वरचं सूत्र लावा. वसुली बारा महिन्यांच्या आत दिसली तर ए३ प्लस मशीन बघायला जा. नाही दिसली तर प्रेसवालाच तुमचं मशीन आहे असं समजा. त्याला ईएमआय नाही, हेड सुकायची भीती नाही.

प्रिंटर दुकानात पुढच्या वर्षीही मिळणार आहे. तोपर्यंत चित्र काढा, ग्राहक जोडा आणि वही भरत रहा.

भेटू पुढच्या व्हिडिओत: प्रिंटची विक्री किंमत कशी ठरवायची.