नावीन्य कोणाचं?

बोरसी, भिलाई

चि. मनू,

अभिरूप न्यायालयात तू गूगल कंपनीच्या बाजूने उभी राहणार आणि ‘दंडाने नावीन्य मरतं’ हा तुझा मुख्य मुद्दा, असं फोनवर म्हणालीस. मुद्दा वजनदार आहे, म्हणूनच सांगतो, तो मांडण्याआधी ते नावीन्य कोणाचं हे बघ.

बोरसीतल्या कुठल्याही दुकानात नवा अँड्रॉइड फोन डब्यातून काढ. पहिल्याच पानावर गूगलची शोधपट्टी दिसते, मग क्रोम, यूट्यूब. यातलं काही गिऱ्हाइकाने मागितलेलं नसतं. प्ले स्टोअर हवं असेल तर बाकीची अ‍ॅप्सही घ्या आणि ठरलेल्या जागी ठेवा, असा फोन कंपन्यांशी करारच होता. दुसऱ्या करारात अँड्रॉइडमध्ये फेरफार करून वेगळी प्रणाली काढायला मनाई होती. म्हणजे कोड सगळ्यांना खुला, पण त्यातून वेगळं काही घडवणाऱ्याला फोन बनवून देणारा मिळणं मुश्कील होतं! 20 ऑक्टोबर 2022 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 1,337.76 कोटींचा दंड केला, त्याच्या मुळाशी हे करार होते.

आपल्या भाषांतून फोन वापरता यावा म्हणून आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी इंडस ओएस उभारली, स्वतःचं अ‍ॅप स्टोअर काढलं. या दंडाविरुद्ध गूगल अपिलात गेली तेव्हा हीच मंडळी आयोगाच्या बाजूने उभी राहिली. त्यांचं काम नावीन्यात धरायचं की नाही, हा प्रश्न तुला न्यायाधीश विचारणारच.

गूगलचं म्हणणंही पोकळ नाही. फुकट मिळालेल्या अँड्रॉइडमुळे स्वस्त फोन घरोघरी पोचले, आणि एकच अ‍ॅप हजार तऱ्हेच्या फोनवर चालतं ते सारखेपणा राखल्यामुळेच. हे ठासून मांड. नुसती शुम्पेटर आणि अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञांची नावं घेऊन मात्र भागणार नाही. मक्तेदार जास्त शोध लावतो की कमी, यावर अर्थशास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही.

तुझं खरं बळ 29 मार्च 2023 च्या निकालात आहे. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण दंडासोबत आयोगाने दिलेल्या दहा निर्देशांपैकी चार रद्द केले. स्पर्धेवर प्रत्यक्ष काय परिणाम झाला ते दाखवावं लागतं, हेही तिथे स्पष्ट झालं. तेव्हा ‘नावीन्य मरेल’ असं मोघम बोलू नकोस. कोणता निर्देश पाळल्याने कोणतं काम थांबेल, ते एकेक करून सांग.

आधी करारांची कलमं वाच, वकिलांची भाषणं नंतर. मसुदा झाला की पाठव.

तुझा,
काका